दिव्याच्या तारेवरून निरोप

सावरगाव हे नाव बाहेरच्या माणसाने ऐकले की त्याच्या डोळ्यांपुढे गोटमार उभी राहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याच्या शेंड्यावर झेंडा फडकतो, आणि अलीकडे सावरगाव व पलीकडे पांढुर्णा अशा दोन काठांवरून दगड सुटू लागतात. वृत्तपत्रांना आमची आठवण वर्षातून त्या एका दिवशी होते. उरलेल्या दिवसांत येथे माणसे राहतात, संत्र्याच्या बागांना पाणी देतात, मुलांना शाळेत घालतात, आणि चार गावांप्रमाणे त्यांनाही घरगुती अडचणी येतात, इकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. आज वाचकांपुढे मांडणार आहोत ती अशीच एक घरगुती अडचण होय. तिच्यातून आमच्या पदरी थोडे विज्ञान पडले, आणि थोडी शरमही.

आमचे घर आजोबांनी बांधलेले. पुढे ओसरी, मग माजघर व त्याला लागून देवघर, त्यामागे धान्याची कोठी, आणि सर्वांत मागे परसाकडे उघडणारी एक खोली. भिंती मातीच्या आणि चांगल्या दोन हात रुंद. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असताना माजघरात थंडावा असतो, याचे श्रेय या भिंतींना आम्ही नेहमी देत आलो. त्याच भिंती एके दिवशी घरातील माणसांच्या आड येतील, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

२०२० चा मार्च महिना वाचकांच्या स्मरणात असेलच. आमचे चिरंजीव पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीस होते. टाळेबंदी लागण्यापूर्वी काही दिवस ते नागपूरमार्गे घरी आले, ते आठ-पंधरा दिवसांची तयारी करून. त्या पंधरा दिवसांचे महिने झाले. कन्या महाविद्यालयात, तिचे वर्ग संगणकाच्या पडद्यावर भरू लागले. आमची शाळा बंद, परंतु जुलैत मध्य प्रदेश शासनाने ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ हे अभियान सुरू केले, तेव्हा धडे पाठविणे व अहवाल भरणे हेही काम घरूनच करणे आले. एका घरात तिघांना एकाच वेळी इंटरनेट हवे, असा प्रसंग आमच्यावर प्रथमच आला.

इंटरनेटची तार गल्लीतून ओसरीपर्यंत आलेली होती. तेथे राउटर नावाची पेटी बसवलेली. ती बिनतारी लहरी फेकते आणि संगणक त्या झेलतो. ओसरीत सारे सुरळीत, माजघरात कसेबसे, आणि कोठीपलीकडच्या खोलीत मात्र शून्य. मातीची जाड भिंत, त्यातही पावसाळ्यात ओल धरलेली, अशा लहरी पिऊन टाकते. परसाकडची खोली शांत, कामास योग्य; पण तेथे लहरी पोचत नाहीत. ओसरीत लहरी आहेत. पण तेथे शांतता नाही. चिरंजीव ओसरीत बसून परदेशी साहेबांशी बोलू लागले की नेमकी भाजीवालीची हाळी येई, शेजारचे काका “काय रे, केव्हा आलास?” म्हणून पायरीवर टेकत, आणि आमच्या मातोश्रींना नातवाला चहा विचारण्याची आठवणही तेव्हाच होई.

दोन-तीनदा वरिष्ठांकडून बोलणी खाल्ल्यावर एका रात्री चिरंजीव जेवताना म्हणाले, “बाबा, हे असे चालायचे नाही. पुण्याची खोली मी अजून सोडलेली नाही. गाड्या सुरू झाल्या की जातो.”

त्या दिवसांत पुण्याहून येणारी प्रत्येक बातमी काळजाचा ठोका चुकविणारी होती. आमच्या सौभाग्यवतींचा हात भातवाढीवर थांबला. मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवले आणि उठल्या. संगणकाची अडचण ही केवळ संगणकाची राहिली नाही, हे आम्हाला तेव्हा कळले.

तार एक, कामे दोन

सरळ उपाय म्हणजे ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत संगणकाची जाड तार नेणे. त्यासाठी तीन भिंतींना भोके पाडावी लागणार, त्यांतील एक देवघराची. मातोश्री त्यास राजी नव्हत्या, आणि टाळेबंदीत गवंडीही मिळत नव्हता. तेव्हा चिरंजीवांनी दुसराच तोडगा काढला. ऑगस्टमध्ये वाहतूक थोडी मोकळी झाल्यावर नागपूरच्या एका परिचितांकरवी त्यांनी दोन लहान पेट्या मागवल्या. एक ओसरीतील प्लगमध्ये खोचायची व राउटरला जोडायची. दुसरी मागच्या खोलीतील प्लगमध्ये खोचायची व संगणकाला जोडायची. मधली तार? ती घरात पूर्वीपासूनच आहे. ज्या तारेवर दिवे-पंखे चालतात तीच.

आम्ही मराठीचे विद्यार्थी. विजेच्या तारेतून अक्षरे नेणे म्हणजे आगीच्या लोळातून पत्र पाठविण्यासारखे आम्हाला वाटले. परंतु चिरंजीवांनी समजावून सांगितले ते असे. घरातील विद्युत्प्रवाह एका सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे झुलतो. दिवा, पंखा, मोटर यांना हा संथ झोका पुरतो. ती पेटी या झोक्याच्या अंगावर एक अतिशय बारीक आणि अतिशय वेगवान थरथर चढवते. ही थरथर सेकंदाला सुमारे वीस लाखांपासून दोन कोटी ऐंशी लाखांपर्यंत असते. दुसऱ्या टोकाची पेटी संथ झोका गाळून टाकते, थरथर तेवढी उचलते आणि तिची पुन्हा अक्षरे करते. ही थरथरही एकाच वाटेने जात नाही. या जातीच्या एका प्रचलित पद्धतीत ती नऊशेहून अधिक कंपनसंख्यांत वाटलेली असते. एखादी वाट गोंगाटाने भरली, की तिच्यावरचे ओझे कमी करून इतर वाटांवर घालतात.

मैफलीत तंबोरा अखंड झंकारत असतो आणि त्यावर गवई ख्याल मांडतो. दोन्ही नाद एकाच हवेतून येतात, तरी जाणता कान त्यांची गल्लत करीत नाही. आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाला तर यात नवल वाटू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आमच्या भागाची कचेरी हिंदीत चालते आणि चूल मराठीत. जीभ एकच, पण दोन प्रवाह आपापल्या कंपनसंख्येवर बिनबोभाट वाहत असतात.

कल्पना जुनीच

हे काही कालपरवाचे संशोधन नव्हे. विजेच्या मीटरचा आकडा विजेच्याच तारेवरून दूर बसून वाचता यावा, यासाठी जोसेफ रूटँ आणि सी. ई. एल. ब्राउन यांनी १८९७ च्या सुमारास ब्रिटिश पेटंट घेतले होते. अमेरिकेच्या सैन्यातील जॉर्ज ओवेन स्क्वायर या अधिकाऱ्याने १९१० मध्ये एकाच तारेवरून अनेक संभाषणे नेण्याची युक्ती काढली. त्याच कल्पनेतून पुढे विजेच्या तारांवरून घरोघर संगीत पोचविण्याचा उद्योग उभा राहिला, आणि १९३४ मध्ये त्याला ‘म्यूझॅक’ हे नाव मिळाले. युरोपातील वीजकंपन्या तारेवर एक खुणेची कंपने सोडून साऱ्या गावाचे रस्त्यावरचे दिवे आणि पाणी तापविण्याचे बंब एकदम चालू-बंद करीत. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने घरातील दिवे घरच्याच तारेवरून हुकमत पाठवून चालविण्याची पद्धत तयार केली.

आपल्याकडेही ही गोष्ट वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर आहे, फक्त तिची ओळख नसते. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात सारणीचे सातपुडा औष्णिक वीज केंद्र १९६७ पासून वीज निर्माण करू लागले. अशा केंद्रांतून निघणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या डोंगर-जंगल ओलांडून उपकेंद्रांपर्यंत जातात. एका उपकेंद्रातील अभियंत्याला दुसऱ्याशी बोलायचे तर जंगलातून वेगळी टेलिफोनची तार ओढणे खर्चाचे आणि बेभरवशाचे. म्हणून ज्या तारेवरून लाखो व्होल्टांची वीज जाई, तिच्यावरूनच सेकंदाला पन्नास हजार ते पाच लाखांच्या आसपासच्या कंपनांवर बसवून त्यांचे बोलणेही जाई. कुठे बिघाड झाला तर पलीकडचा स्विच तोडण्याची आज्ञाही त्याच वाटेने. वाचकांनी कधी मोठ्या उपकेंद्राजवळून जाताना मान वर करून पाहावे. येणाऱ्या तारेच्या टोकाशी पिंप टांगावे तसे तारेचे एक जाड वेटोळे दिसते. वीज पुढे जाऊ द्यायची आणि बोलणे मात्र उपकेंद्राच्या यंत्रांत हरवू न देता अडवून धरायचे, हे त्याचे काम. अलीकडे वाहिनीच्या माथ्यावरील भूतारेतच प्रकाशतंतू घालू लागल्यापासून या पद्धतीचे महत्त्व कमी होत चालले असले, तरी ती वेटोळी अजून पुष्कळ ठिकाणी दिसतात.

घरातील संगणकांसाठी हीच कल्पना वापरण्याकरिता २००० मध्ये अमेरिकेत काही कंपन्यांनी ‘होमप्लग’ नावाचा संघ स्थापला. २००१ मध्ये त्यांचा पहिला नमुना ठरला. तो सेकंदाला जास्तीत जास्त चौदा मेगाबिट माहिती नेई. २००५ च्या नमुन्याने ती मर्यादा दोनशेपर्यंत नेली, आणि २०१० मध्ये विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या जागतिक संस्थेने या पद्धतीला आपले प्रमाण दिले. २०१२ च्या सुधारित नमुन्यात तर फेज आणि न्यूट्रल यांच्या जोडीला अर्थिंगची तिसरी तारही निरोप वाहण्याच्या कामी लावली गेली. या तिसऱ्या तारेची गोष्ट पुढे येणारच आहे.

शेजारच्या काकांनी हे सारे ऐकून एक रास्त प्रश्न केला. “मग हे इंटरनेट थेट डीपीवरूनच का देत नाहीत? खांब तर प्रत्येक शेतापर्यंत गेलेले आहेत.” तसाही प्रयत्न होऊन गेला आहे. अमेरिकेतील मनासस या गावाने २००५ मध्ये साऱ्या गावाला विजेच्या तारांवरून इंटरनेट पुरविले. २०१० मध्ये ते बंद केले. खांबावरची उघडी तार ही निरोप वाहता वाहता तो आकाशात उधळीतही असते आणि हौशी रेडिओवाल्यांच्या कामात व्यत्यय आणते. शिवाय डीपीतील ट्रान्सफॉर्मर ही बारीक थरथर ओलांडू देत नाही. घराच्या चार भिंतींत जे जमते ते गावभर जमतेच असे नाही.

इस्त्रीची साक्ष

पेट्या लावल्या. जोडणीचे बटण दाबले. दोन्हींवर हिरवे दिवे लागले आणि मागच्या खोलीत संगणक बोलू लागला. मातोश्रींनी त्या दिवशी शिरा केला. पुण्याचा विषय मागे पडला, असे आम्हाला वाटले.

चार दिवसांत तक्रार सुरू झाली. दिवसा सारे ठीक; संध्याकाळी मात्र हिरवा दिवा पिवळा, मग तांबडा होई आणि बोलणे तुटे. चिरंजीवांनी एकेक संशयित तपासला. स्वस्तातले मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे तारेवर गोंगाट करतात. ते काढून पाहिले. पंख्याचा रेग्युलेटर तपासला. पेटी आधी प्लगच्या पट्टीत लावली होती. ती काढून थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावली. थोडा फरक पडला, पण दुखणे गेले नाही. मग ध्यानात आले की संध्याकाळी परसातील विहिरीवरची मोटर लागते. मोटर गोंगाट करते हे शास्त्राला धरूनच होते. आम्ही सर्वांनी मोटरीला दोष देऊन फाइल बंद केली.

ती पुन्हा उघडली इस्त्रीने. घरून काम करणाऱ्यांचा पोशाख वाचकांना ठाऊक असेलच. वर इस्त्रीचा सदरा आणि खाली घरचा पायजमा. एके सकाळी सभेपूर्वी चिरंजीव मागच्या खोलीत सदऱ्याला इस्त्री करीत होते, आणि इस्त्री तापत असताना पेटीचा दिवा तांबडा झाला. त्यांनी इस्त्री काढली. काही मिनिटांनी तो हिरवा झाला. पुन्हा लावली, पुन्हा तांबडा. ते आम्हाला हाक मारून म्हणाले, “बाबा, मोटरीत फिरणारे चक्र आहे, ते गोंगाट करते हे समजले. इस्त्रीत काय फिरते? ती नुसती तापते. तिचा त्रास व्हायचे कारण नाही. इस्त्री आणि मोटर यांच्यात सारखे एवढेच की दोघी जास्त प्रवाह ओढतात. दोष त्यांच्यात नसावा; तारेत असावा.”

त्या दिवशी त्यांनी सभा ओसरीत बसून उरकली, आणि आम्ही पुलापलीकडून पांढुर्ण्याच्या वायरमनला बोलावले. त्याने मेन स्विच पाडला, टेस्टरने खात्री करून घेतली आणि तार कुठून कशी जाते ते पाहत पाहत कोठीत शिरला. गव्हाची पोती सरकवली. त्यांच्या मागे रिकाम्या बारदानांची चळत छातीपर्यंत लागलेली होती. ती ओढून काढली तेव्हा भिंतीवरच्या लाकडी पट्टीत एक जोड दिसला. त्याच्यावरची टेप वितळून ओघळली होती. भोवतीची पट्टी कोळशासारखी काळी पडली होती, आणि वरच्या दोन बारदानांचे काठ करपून तांबूस झाले होते.

वायरमनने तो जोड चिमट्याने उचलून आमच्यापुढे धरला. अ‍ॅल्युमिनियमची जुनी तार आणि तांब्याची नवी तार यांना हाताने पीळ देऊन तो केलेला होता. तो म्हणाला, “गुरुजी, हा जोड कोन्या वायरमनचा नाही जी. घरच्या मानसाचा हाये.”

ते खरे होते. तो जोड आमचा होता.

१९९४ मध्ये आमच्या भगिनीचे लग्न याच घरी झाले. मागच्या खोलीत आचाऱ्यांसाठी दिवा आणि प्लग हवा होता. वायरमन दोन दिवसांनी येतो म्हणाला होता. आम्ही पंचविशीचे, अंगात उत्साह. मेन पाडून, कोठीतील जुन्या तारेला नवी तार पिळून, वर टेप गुंडाळून आम्ही काम भागविले आणि वडिलांकडून शाबासकीही मिळविली. लग्न निर्विघ्न पार पडले. त्यानंतर पोती आली, बारदाने आली, आणि तो जोड सव्वीस वर्षे आमच्या दृष्टीआड राहिला. दृष्टीआड राहिला म्हणून तो स्वस्थ होता असे नाही.

वायरमनने आणि चिरंजीवांनी मिळून उलगडा केला तो असा. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने एक पातळ कवच चढते आणि ते विजेला अडवते. शिवाय ही धातू उष्णतेने तांब्यापेक्षा अधिक फुगते. प्रवाह वाढला की जोड तापतो व फुगतो, प्रवाह घटला की निवतो व आकसतो; असे हजारो वेळा झाले की पीळ सैल पडतो. सैल जोडात बारीक ठिणग्या उडू लागतात. एके काळी रेडिओ ऐकत असताना कोणी बटण दाबले की कानात खर्रकन आवाज येई, हे जुन्या श्रोत्यांना आठवेल. ठिणगी जेथे उडते तेथून सर्व कंपनसंख्यांवर खरखर पसरते. आमच्या कोठीतील त्या खरखरीत चिरंजीवांचे बोलणे बुडून जात होते. ज्या तारेला निरोप नेता येईना, ती वीज नेण्यासही लायक राहिली नव्हती.

पेटीने घर वाचविले असे आम्ही म्हणणार नाही. पेटी नुसती मुकी झाली. तिचे मुकेपण कशामुळे, हे विचारणारा घरात होता म्हणून घर वाचले. आम्ही एकटे असतो तर पेटी बिघडली म्हणून परत पाठविली असती आणि बारदाने पुन्हा जागच्या जागी रचली असती. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. कोठीला लागूनच मातोश्रींची खाट होती.

घरोघरच्या तारा

आमच्यासारख्या जुन्या घरांत वीज एकदम येत नाही. ती पिढ्यापिढ्यांनी वाढते. आजोबांच्या काळी एका लाकडी पट्टीवरून दोन दिवे. वडिलांच्या काळी पंखा आणि रेडिओ. मग मिक्सर, फ्रिज, मोटर, कूलर. प्रत्येक वेळी मागच्या तारेला पुढची तार पिळली जाते आणि मूळची बारीक तार साऱ्यांचे ओझे वाहते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे शहाणे प्रत्येक गल्लीत सापडतात. खरे पाहता उडणारा फ्यूज हा घरातला प्रामाणिक नोकर. तो तक्रार करतो म्हणून त्याचे तोंड बांधणे कितपत शहाणपणाचे?

अर्थिंगची कथा याहून करुण. प्लगला तीन भोके असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे पुष्कळ घरांत काहीच जोडलेले नसते. आमच्याही मागच्या खोलीत नव्हते. फ्रिज किंवा मोटर यांच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्याची वाट ही तिसरी तार देते. ती नसेल तर वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते.

आम्ही पुढची-मागची सारी तारजोडणी तांब्याच्या तारेने नवी करून घेतली. फ्यूजच्या जागी एमसीबी बसविले, आणि तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी नावाचे यंत्र मीटरनंतर लावले. परसात खड्डा खणून, कोळसा व मीठ घालून अर्थिंग केले. चिरंजीवांच्या पगाराचा बराच भाग त्यात गेला. तो त्यांनी आनंदाने दिला. त्यानंतर पेटीचा दिवा संध्याकाळीही हिरवा राहू लागला. मोटर लागली की वेग किंचित उतरतो, पण बोलणे तुटत नाही.

शाळा उघडल्यावर आम्ही मुलांना एक गृहपाठ दिला. घरात टेप लावलेले जोड किती आहेत ते नुसत्या डोळ्यांनी मोजायचे, हात लावायचा नाही, आणि आकडा पालकांना दाखवायचा. एका मुलीने वहीत अकरा लिहून आणले आणि विचारले, “सर, बारावा माळ्यावर आहे, तो अंधारात नीट दिसत नाही. चाचपून पाहू का?” गृहपाठ देण्यापूर्वी पालकांची सभा घ्यायला हवी होती, ही आमची दुसरी चूक. ती आम्ही त्याच आठवड्यात दुरुस्त केली.

पेट्या घेण्यापूर्वी

ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदे, तंजावर अशा ठिकाणी आपल्या लोकांचे जाड भिंतींचे जुने वाडे आजही नांदते आहेत, आणि तेथील मुलेही संगणक घेऊन घरी परततात. त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

भिंतीला भोक पाडणे शक्य असेल, तर संगणकाची स्वतंत्र तार सर्वांत उत्तम. तिची सर या पेट्यांना नाही. भिंती फार जाड नसतील, तर मध्ये आणखी एक बिनतारी पेटी ठेवूनही भागते. भोकही पाडता येत नाही आणि लहरीही पोचत नाहीत, अशा घरासाठी विजेच्या तारेचा हा मार्ग आहे. पेटीवर छापलेल्या आकड्याने हुरळून जाऊ नये. आमच्या पेट्यांवर पाचशे मेगाबिट छापलेले होते. नव्या तारजोडणीनंतरही दोन संगणकांच्या मध्ये मोजले तेव्हा सत्तर-ऐंशीच पदरी पडले. चिरंजीवांच्या कामाला तेवढे पुरून उरले.

दोन्ही पेट्या एकाच प्रमाणाच्या घ्याव्यात. वेगवेगळ्या जातीच्या पेट्या एकमेकींशी बोलत नाहीत. त्या थेट भिंतीतील प्लगमध्ये लावाव्यात. अनेक प्लगांच्या पट्टीत, विशेषतः विजेच्या झटक्यापासून संरक्षण देणाऱ्या पट्टीत लावल्यास ती पट्टी निरोपालाही झटका समजून गिळून टाकते. घरात तीन फेजची जोडणी असेल, तर दोन्ही खोल्या एकाच फेजवर आहेत ना, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. एक पेटी इन्व्हर्टरच्या मार्गावर आणि दुसरी थेट विजेवर असली की गाठ पडणे कठीण होते. आणि वीज गेली की हा मार्गही गेला, हे तर सांगणे नलगे.

एकाच डीपीवरील शेजाऱ्यांच्या तारेवर आपली थरथर थोडीफार पोचू शकते. तेव्हा जोडणीचे बटण दाबून दोन्ही पेट्यांची आपसातली गुप्त किल्ली अवश्य ठरवून घ्यावी. मग शेजारी पेटी असली तरी तिला आपले बोलणे उलगडत नाही. आकाशात विजा कडाडू लागल्या की पेट्या प्लगमधून काढून ठेवाव्यात. प्लगची तिसरी पिन बसत नाही म्हणून ती मोडण्याचा मोह टाळावा.

सर्वांत महत्त्वाचे हे की पेटी नीट चालली नाही तर तिला लगेच दोष देऊ नये. भिंतीतल्या तारेकडे एकदा जाणत्या वायरमनचे लक्ष वेधावे. स्वतः पकड घेऊन बसू नये. उत्साही माणसाने पिळलेला जोड काय करतो, ते आम्ही पाहिले आहे.

चिरंजीव आमच्याकडे २०२२ पर्यंत राहिले. मग कंपनीने बोलावले आणि ते पुण्यास गेले. तसे जाणे ठरलेलेच होते, आणि तेव्हा ते भीतीच्या छायेतले नव्हते. पेट्या मात्र जागच्या जागी आहेत. मातोश्री आता हिवाळ्यात परसाकडच्या खोलीत असतात, कारण सकाळचे ऊन तेथे प्रथम येते. दर रविवारी नातवाचा चेहरा पडद्यावर उमटतो आणि तो विचारतो, “आजी, आवाज येतो का?” मातोश्री त्या भिंतीतल्या पेटीकडे पाहतात, दिवा हिरवा आहे याची खात्री करतात आणि मगच उत्तर देतात.

अर्थिंगच्या खड्ड्यात ओलावा टिकला पाहिजे, असे वायरमन सांगून गेला होता. तेव्हापासून उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालून झाले की आमच्या सौभाग्यवती एक बादली त्या खड्ड्यात ओततात. कोणी पाहुणा विचारतो, “तेथे काय लावले आहे?” त्या उत्तर देतात, “घराची मुळे आहेत ती.”